तोंड उघड

"चार संपून पाचवं लागलंय," आई म्हणाली. म्हणताना तिनं मुलीच्या खांद्यावरचा हात जरा घट्ट केला.

नर्सबाईंनी मुलीच्या दंडाभोवती मोजपट्टी गुंडाळली. पट्टी लाल रंगावर आली, म्हणजे उपासमार टोकाची. सकाळपासून लालच येत होती. शाळेचा वर्ग, बाकं भिंतीशी रचलेली, खिडक्यांना काचांऐवजी पुठ्ठे, आणि बाहेर मदतीची गाडी इंजिन चालू ठेवून उभी. गोळीबार थांबलाय तोवर काय ते वाटायचं आणि निघायचं. पौष्टिक खाऊची ही पाकिटं पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच होती. त्याहून मोठ्यांनी काय करायचं, ते पाठवणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

रांगेतल्या म्हातारीनं तेवढ्यातही संधी साधली. "बाई, माझ्याही तोंडात एक दात नाही. मला तान्ह्यांत धरा की!"

बायका हसल्या. आई हसली नाही.

नर्सबाईंनी मुलीकडे पाहिलं. उंची चारची होती, डोळे चारचे नव्हते. पण डोळ्यांवरून वय काढायला त्या काही ज्योतिषी नव्हत्या, आणि त्यांना ते काढायचंही नव्हतं. त्यांनी खोक्यातून एक पाकीट घेऊन कोपरा फाडला. शेंगदाण्याचा गोड वास वर्गभर सुटला.

"थोडं इथं माझ्यासमोर खाऊन दाखवायचं. मग बाकीची पाकिटं घरी न्यायची. तोंड उघड, बाळा."

मुलीनं ओठ आणखी घट्ट मिटले.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. ही अट तिला कुणी सांगितली नव्हती. "लाजते हो ती. घरी खाईल."

"इथंच खायला हवं. नाही खाल्लं, तर अन्न पोटात जात नाही असं धरतात. मग मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं."

मोठा दवाखाना पुलापलीकडे होता आणि पूल नदीत गेला होता. हे दोघींनाही माहीत होतं.

नर्सबाईंनी बोटावर थोडा खाऊ घेऊन मुलीच्या ओठांना लावला. तिच्या नाकपुड्या फुलल्या. मिटल्या ओठांच्या कडेनं लाळ हनुवटीवर ओघळली, पण तोंड काही उघडेना.

"खा गं बाई," शेवटी आईच म्हणाली. "उघड तोंड."

"तूच म्हणालीस ना," मुलगी रडकुंडीला येऊन बोलली, "काही झालं तरी तोंड उघडायचं नाही!"

वरचे पुढचे दोन्ही दात नव्हते. एका जागी हिरडीतून नव्या दाताची पांढरी कड डोकावत होती. सहा वर्षं तरी पुरी असणार, कदाचित सातही.

वाटपावर नजर ठेवून टेबलाशी उभ्या असलेल्या साहेबांनीही ते पाहिलं. माणूस वाईट नव्हता. तो नुसता खोक्याच्या तळाकडे आणि मग कडेवरच्या पोरांच्या रांगेकडे बघत राहिला.

"पडलीस ना गं कुठं तरी?" नर्सबाई घाईघाईनं म्हणाल्या. "पायरीवर आपटलीस, हो ना?" हो म्हण गं पोरी, एवढं एकदा हो म्हण, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मुलीला हे मुळीच रुचलं नाही. एवढे हलवून हलवून काढलेले दात!

"मी कुठं पडले? दात पडले," ती ठसक्यात म्हणाली, आणि नवा दाखवायला तिनं तोंड चांगलं मोठ्ठं उघडलं.



"पुढचं बाळ घ्या," साहेब खाली बघत म्हणाले.

नर्सबाईंनी फोडलेलं पाकीट मुलीच्या हातात कोंबलं. फोडलेलं परत घेता येत नाही, एवढा एकच नियम त्यांच्या बाजूचा होता. लेकीचा दंड धरून आई दाराकडे चालू लागली. दंड तिच्या मुठीत पुरता मावत होता.

दारात मुलगी थांबली. तिनं पाकीट छातीशी धरलं होतं आणि ओठ पुन्हा गच्च मिटून घेतले होते. आईनं वळून पाहिलं, तेव्हा ओठ जेमतेम हलवून तिनं हळूच विचारलं,

"आता उघडू?"