गोरं सरकार

आणीबाणीतला पहिला पंधरा ऑगस्ट होता. कुंडलच्या चावडीपुढं शाहीर कुतुबुद्दीन इंग्रजांविरुद्ध रचलेला आपला जुना पोवाडा गाणार होता. त्याचा पोरगा भाषण केलं म्हणून तुरुंगात पडला होता. मंचाच्या पायरीवर फौजदारानं शाहिराला अडवलं. “नुसतं ‘सरकार’ म्हणू नका, ‘गोरं सरकार’ म्हणा. पोराचं मी बघतो.” “सायेब, ह्या नुसत्या ‘सरकार’ शब्दापायी गोऱ्यांनी माझी बोटं मोडली, तरी म्या त्यो बदलला न्हाई.” “आवं, बदला की!” बायको नूरजहां रडकुंडीला आली. “पोरगं घरला येईल.” शाहिरानं डफावर थाप मारली. “गोऱ्या सरकारा, तुझा तुरुंग फोडू!” टाळ्या कडाडल्या. खाली उतरून त्यानं फौजदाराचे हात धरले. “आता सोडा लेकराला.” “ते माझ्या हातात कुठंय?” शाहीर तसाच वर चढून ओरडला, “सरकारा, तुझा तुरुंग फोडू!” माणसं खाली मान घालून उठू लागली.