मागे काही न ठेवणारा शाम्पू

तिसऱ्या शाम्पूचा थेंब अच्युतनं काचेच्या तुकड्यावर टाकला, पाण्यात कालवला आणि पंख्याखाली धरला. वाळल्यावर काचेवर पांढरट पापुद्रा उरला.

"ये भी नहीं," तो म्हणाला.

गोल बाजारातल्या त्या दुकानाचा मालक सचिन अर्ध्या तासापासून हा प्रयोग बघत होता. रेल्वे ऑफिसातला पन्नाशीचा माणूस शाम्पूसाठी एवढा जीव टाकतो, हे त्यानं कधी पाहिलं नसावं.

"चाहिए किसके लिए, भैया?"

"बेटी के लिए. नए ड्रेडलॉक्स हैं. बालों में कुछ भी चिपका नहीं रहना चाहिए."

"हव, तो ये देखो." सचिननं वरच्या फळीवरून पाण्यासारख्या नितळ शाम्पूची बाटली काढली. "इसके बाद कुछ बाकी नहीं रहता."

चौथा थेंब वाळला. काच स्वच्छ होती. अच्युतच्या जिवात जीव आला.

सोमवारी ऋता पंडरी भागातल्या पार्लरमधून मानेजवळच्या केसांचे मेण लावून वळलेले ड्रेडलॉक्स करून आली, तेव्हापासून ब्राह्मणपाऱ्यातल्या त्याच्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं. एकोणीस वर्षांची पोर, पुढच्या महिन्यात पुण्याला डिझाइन शिकायला जायची होती. अच्युत "हे काय नवीन खूळ?" एवढंच म्हणाला. पण त्याची आई, वनमालाबाई, देवघरातून हळदकुंकू घेऊन आली, तिनं नातीच्या पायांवर पाणी घातलं आणि हात जोडले.

"जट आहे हे. अकरा आहेत. देवीनं बोलावलं हिले. आता कंगवा नाही, कात्री नाही, अन् पुण्याबिण्याले जाणं नाही."

हे शब्द अच्युतनं आधी एकदा ऐकले होते. तेव्हा तो दहा वर्षांचा होता आणि जट त्याच्या थोरल्या बहिणीला, रमाला, आली होती. आईनं तिला शाळेतून काढलं, देवीच्या नावानं सोडलं आणि दयाराम भगताच्या हवाली केलं. जाताना रमा दारात वळून फक्त अच्युतकडे बघत राहिली. तो खांबाआड उभा होता. बोलला नाही. चार वर्षांनी ती गेल्याचा निरोप आला. त्या गप्प राहण्याची लाज अजून त्याला सोडत नव्हती.

या वेळी तो बोलला.

"आई, हे पार्लरमधलं आहे. धुतलं की सुटते."

"देवीचं सुटत नाही."

"मग शुक्रवारी तुह्यासमोर धुतो. बोलव दयारामले. एक जरी राहिली, तर पोट्टी देवीची. मी मधात येणार नाही."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्यानं देवापुढचा बेल आणि भंडारा हातात घेतला आणि शपथ घेतली. बेलभंडार उचलून दिलेला शब्द त्या घरात आजवर कुणी मोडला नव्हता. साध्या भाजीच्या फोडणीवरूनही माघार न घेणारी आई लगेच "चालते" म्हणाली. अच्युतला वाटलं, आपण जिंकलो.

ऋता मात्र पांढरीफटक पडली.

"बाबा, शपथ काहून घेतली? मुझसे पूछ तो लेते."

"अवं, पुण्याले गेल्यावर परत करून घेजो. नखरे सोड."

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दिवाळीपर्यंत दर शनिवारी आजीच्या पुढ्यात बसून डोक्याला तेल चोळून घेणारी ही पोर हल्ली केसांना कुणाला हात लावू देत नव्हती. वयच तसं, असं अच्युतनं ठरवून टाकलं होतं.

दुकानातून तो थेट पंडरीला गेला. पार्लरवाल्या शर्मिष्ठानं बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली.

"एकदम सही लाए, अंकल. इससे वैक्स पूरा निकल जाएगा, फिर कंघी से खोलते जाना. अभी हफ्ता भी नहीं हुआ. दस बनाए थे मैंने, मेरे बनाए सब खुल जाएँगे."

घरी येताना अच्युत कित्येक दिवसांनी शीळ घालत होता.

शुक्रवारी सकाळी अंगणात पाट मांडला. दयाराम आता पंचाहत्तरीच्या घरात होता. तो पायरीवर टेकला आणि त्यानं लाल फडक्यातलं गाठोडं मांडीवर ठेवलं. ते फडकं अच्युतनं ओळखलं; रमाला न्यायला आला तेव्हाही ते त्याच्याजवळ होतं. वनमालाबाई शेजारी जप करत बसली. ऋता गुडघ्यांत मान घालून पाटावर बसली.

शाम्पू उत्तम निघाला. पहिली बट कंगव्याच्या चार फटक्यांत सुटली. मग दुसरी, तिसरी. "बघ आई!" पाचवीला अच्युतला हसू फुटलं. प्रत्येक गाठ आपण रमासाठी सोडवतो आहोत असं त्याला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले. आठ. नऊ. दहा. ओले मोकळे केस पोरीच्या पाठीवर पसरले.

वनमालाबाईनं मान वर केली नाही. तिची माळ फिरतच होती.

"झालं," अच्युत म्हणाला. "उठ, बेटा."

ऋता उठली नाही. मागे हात नेऊन तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याची बोटं मोकळ्या केसांच्या खाली, पार मानेच्या खळीत नेली. तिथं बोटभर जाडीचं टणक काहीतरी त्याच्या हाताला लागलं.

"ही पार्लरची नाही, बाबा," ती पुटपुटली. "दिवाळीपासून आहे. कापाची हिंमत नाही झाली. बाकीच्या दहा हिले लपवाले केल्या होत्या."