बाहीच्या आत

ललिताच्या डाव्या दंडावरचा काळानिळा डाग ब्लाउजच्या बाहीच्या काठापासून दोन बोटं वर संपत होता. बाही खाली असली की काही दिसत नसे. याआधीचे डागही असेच, बाहीच्या आत नाहीतर पाठीवर. चेहऱ्यावर एकही नाही. वायनरीच्या प्रयोगशाळेत रोज द्राक्षरसातली साखर मोजणाऱ्या बाईला एवढं लक्षात यायला दोन वर्षं लागली, याचाच तिला वैताग आला होता.

गाडी वणीच्या गडाकडे निघाली होती. कारभारीमामा गाडी चालवत होते. शेजारी त्यांचा भाचा, ललिताचा नवरा धनराज, ताजी दाढी करून, कपाळाला गंध लावून. मागे ललिताजवळ सासू सुलाबाई, मांडीवर नारळ घेऊन. गडावर देवीआईसमोर नारळ ठेवून दारू सोडल्याची शपथ घ्यायची. ही चौथी खेप.

"या टायमाला सुटतीच बघ," सुलाबाई म्हणाल्या. "नारळ बी मोठा घेतलाय."

"मागचे तीन लहान होते का?"

मामांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "सूनबाई, टोमणे नको. शुद्धीत असला की देवमाणूस हे तो. पोटात गेली की त्याचं त्यालाच काय कळत नाय."

"दुसऱ्या शपथेनंतर पंधराव्या दिवशी मारलं, मामा. तेव्हा पोटात थेंब नव्हता."

"सोडली की चिडचिड व्हतीच," सुलाबाई म्हणाल्या. "डाक्टर बी सांगत्यात."

ललिता खिडकीबाहेर बघत राहिली. बागांमध्ये फवारणीचे ट्रॅक्टर चालले होते. प्याला तर दारूमुळे, नाही प्याला तर दारू नाही म्हणून. प्रयोगशाळेत कुणी असा निष्कर्ष लिहून आणला असता, तर तिने कागद तिथेच परत केला असता.

"परवाचं तर मला काहीच आठवत नाय, मामा," धनराज मागे न वळता म्हणाला. "घरात कसा आलो तेसुद्धा नाय. आईची शपथ."

"ऐकलंस?" मामा म्हणाले. "आता अशा माणसावर काय राग धरायचा?"

परवा घरात आल्यावर त्याने आधी दाराला कडी लावली होती. मग टीव्हीचा आवाज वाढवला होता. मग, हात उचलण्याआधी, आणखी एक गोष्ट केली होती.

"अहो," ललिताने सहज विचारलं, "परवा घरात आल्यावर मोबाईल कुठे ठेवला होता तुम्ही?"

"फ्रिजवर. नवा हे, खिशात असता तर पडून फुटला नसता का?"

धनराजने मान वळवायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबवली. सुलाबाईंनी नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. पुढे दिंडोरीची पहिली दुकानं दिसू लागली.

"चहा घ्यायचा का कुणाला?" मामांनी विचारलं.

ललिताने डावी बाही दोनदा दुमडून वर घेतली. डाग पूर्ण उघडा झाला.

"चहा नको, मामा. पोलीस ठाण्यासमोर गाडी थांबवा. मला यांच्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे."