ताई आली का?

“ताई आली का?” धाकटीने पुन्हा विचारलं.

“येतील गं. तू बाळाकडे बघ जरा,” म्हणत नर्सबाईंनी पाळणा खाटेला चिकटवला.

धाकटीने हात चादरीखाली ओढून घेतले. “त्याला दुसऱ्या खोलीत नाही का ठेवता येणार?”

“इथे बाळ आईपाशीच राहतं. तुझा वास, तुझा आवाज, एवढंच तर ओळखीचं आहे त्याच्या. पोटात असताना बोलायचीस ना त्याच्याशी?”

बोलायची ती ताई. येईल तेव्हा पोटाला तोंड लावून दिवसभराच्या गमतीजमती सांगत बसायची. धाकटी तेवढा वेळ भिंतीकडे बघत राहायची.

सगळं आधीच ठरलं होतं. ताईला मूल होत नव्हतं. धाकटीला दोन मुली होत्या. तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा तिने लगेच ताईला फोन केला. “हे तुझं,” एवढंच म्हणाली. ताई फोनवरच हमसून रडली. एवढं मोठं मन कुणाचं असतं, असं म्हणत घरच्यांनी धाकटीला डोक्यावर घेतलं.

नर्सबाईंच्या कानावर हे आलं होतं. बाहेर पावलं वाजली की धाकटी दचकते, हेही त्यांनी पाहिलं होतं. बाळ रडायला लागलं तशी ती अंग चोरून भिंतीकडे सरकली. नर्सबाईंनी त्याला उचललं आणि तिच्या छातीवर ठेवलं. ते हुंगत हुंगत शांत झालं. धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“घाबरू नकोस,” नर्सबाई हळूच म्हणाल्या. “तुझ्या मनाविरुद्ध कुणी नेणार नाही त्याला. मी बोलते ताईंशी.”

“नको!” धाकटी ओरडलीच. “तुम्ही काही म्हणजे काही बोलू नका!”

नर्सबाईंनी तिचा खांदा थोपटला आणि त्या बाहेर गेल्या.

ताई आली ती दारातच थबकली. हातात नवी दुपटी, डोळे लाल. मागे नर्सबाई. छातीवर झोपलेल्या बाळाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने दुपटी खाटेच्या पायथ्याशी ठेवली.

“मी आंधळी झाले होते गं,” ती म्हणाली. “आईपासून लेकरू तोडायला निघाले होते. नर्सबाईंनी सांगितलं मला सगळं. राहू दे त्याला तुझ्यापाशीच. मी आपली मावशी बरी.”

नर्सबाईंनी डोळे पुसले.

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. ताई जायला वळली, तसा तिने हात लांब करून तिचं मनगट गच्च धरलं.

“ताई, जाऊ नकोस. ने गं त्याला,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी नव्हते देत मी. मलाच नकोय तो.”