निवडलेले छर्रे

मायाने डबी शिशाच्या भंगाराच्या पेटीत उपडी केली, छर्रे टपटप खाली पडले आणि मागून अप्पांचा आवाज आला, "अगं, अजून तुझा नंबर नाही ना आला?"

माया वळली. अप्पा कधी शूटिंग रेंजवर येत नसत. आज राज्याच्या नेमबाजी संघाची निवड होती आणि नेमकी आजच त्यांना विठ्ठलवाडीहून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये शिरायची हुक्की आली होती.

अप्पा म्हणजे चांगदेव पेंटर, शहाडच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. फूटपट्टी न लावता सरळ रेघ मारणारा माणूस. मग उजवा हात हलायला लागला आणि ब्रश सुटला. घरात त्या हाताचा विषय कुणी काढत नसे, अप्पाही नाही. मुलीच्या एअर रायफलचे छर्रे निवडायचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. दुपारी आई ताटात तांदूळ निवडायला बसली की शेजारी अप्पाही काच घेऊन बसायचे. तिरप्या काचेवर मूठभर छर्रे सोडायचे. सरळ छर्रा आपल्या वाटेने घरंगळतो, कड चेपलेला भलतीकडे जातो. पूर्वीपासूनची रीत अशी की चांगले वेचून डबीत भरायचे, बाकीचे काचेवरून तसेच पत्र्याच्या मोठ्या डब्यात परत सोडायचे.

पण शिसं मऊ. थरथरत्या चिमटीत चांगला छर्राही चेपणारच. एकदा मायाने डबी उघडून पाहिली तर एकूण एक छर्रा वाकडा. बोलून दाखवायची काही छाती झाली नाही. तेव्हापासून ती डब्यातले उरलेसुरले छर्रे वापरायची आणि डबी इथे ओतून रिकामी घरी न्यायची. गंमत म्हणजे त्या उरल्यासुरल्या छऱ्यांवरच तिचे गुण वाढत गेले. तिला वाटलं, आपला हात बसला. संध्याकाळी अप्पा विचारायचे, छर्रे कसे होते. ती सांगायची, एकदम सरळ. अप्पा खूश व्हायचे आणि ती मान खाली घालून जेवायची.

आता अप्पा रिकाम्या डबीकडे बघत उभे होते. आत तिच्या नावाचा पुकारा झाला. हे मनात ठेवून रायफल स्थिर राहायची नाही, हे तिला कळत होतं. थाप मारावी तर डबी हातातच.

"अप्पा, तुम्ही निवडलेले छर्रे मी वापरत नाही. इथे टाकून देते. बरेच महिने झाले."

तिचे डोळे भरून आले. अप्पांनी पेटीत डोकावून पाहिलं, मग तिच्याकडे.

"मग? ते टाकायलाच तर देतो."

मायाला काही उमगेना. अप्पांनी खिशात दडवलेला उजवा हात बाहेर काढला आणि तसाच, हलता, तिच्या डोक्यावर ठेवला.

"आई तांदूळ निवडते तेव्हा हात कशाला लावते गं, तांदळाला की खड्यांना? डबीत खडे असतात, बाळा. हा हात असा झाल्यापासून तुझ्या चांगल्या छऱ्याला मी बोटसुद्धा लावत नाही."