राजकन्येच्या तोंडचं वाक्य

राजकन्येच्या तोंडचा संवादाचा फुगा तेवढा रिकामा राहिला होता. बाकी चित्र झालं होतं. राजा तराजू धरून बसलेला, एका पारड्यात त्याची मुलगी, दुसऱ्यात परदेशी राजपुत्राची जहाजं. राजा जहाजांचं वजन वाढवून मागत होता आणि मंत्री त्याला दुजोरा देत होता. मुलीला काय बोलायला लावावं, हे मात्र टिल्नीला सकाळपासून सुचत नव्हतं.

अँब्रोज टिल्नीच्या व्यंगचित्रांवर सगळं लंडन हसायचं. राजघराण्यातली सोयरीक म्हटली की त्याच्या कोरायच्या सुईला धार चढायची. अलीकडे डोळे अधू होत चालले होते, म्हणून म्हाताऱ्याने आपली सोय लावून ठेवली होती. पिकॅडिलीतला चित्रविक्रेता क्राउच पन्नाशीचा विधुर होता. टिल्नीने त्याला मुलगी द्यायची आणि त्याने सासऱ्याला मरेपर्यंत पोसायचं, असं ठरलं होतं. रविवारी चर्चमध्ये लग्नासाठी क्राउचचं आणि मुलीचं नाव पुकारलं जाणार होतं. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. घरात मुलीपाशी विषय काढायला टिल्नीला तेवढा मुहूर्त सापडत नव्हता.

मुलगी, किझाया, खिडकीशी बसून छापलेल्या चित्रांत रंग भरत होती.

"पोरी, तू सांग बघू," टिल्नी म्हणाला. "बाप असा बाजार मांडून बसलाय. ही काय म्हणेल?"

किझायाने कुंचला पाण्यात बुडवला. "लिहा, 'बाबा, मला विचारायचं राहिलं.'"

"एवढंच? चार शिव्या तरी घाल."

"बाप आहे तो तिचा."

टिल्नीला वाक्य पसंत पडलं. तो लगेच कोरायला बसला. तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात. जन्मभर हेच केल्यामुळे कोरताना वाक्य विसरायचं आणि नुसती वळणं बघायची, अशी त्याला सवय जडली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, तेही उलट्या अक्षरांत.

दुपारी क्राउच पहिली छाप बघायला आला. छपाईच्या यंत्राचं चाक फिरलं, ओला कागद वर आला. क्राउचने वाचलं आणि मांडीवर थाप मारली.

"असल्या बापाला भर चौकात उभा केला पाहिजे," तो डोळे पुसत म्हणाला. "पोटची पोर, आणि तिला साधं विचारायचं नाही? टिल्नी, हे मी दुकानाच्या काचेत अगदी मधोमध लावतो बघा."

टिल्नीने कागद उजेडाकडे धरला. वाक्य आता सुलटं होतं. त्याने ते एकदा वाचलं आणि पुन्हा वाचायचा त्याला धीर झाला नाही. त्याला लाज वाटली. लाजेहून जास्त भीती वाटली, कारण डोळे तर जाणारच होते.

"किझाया," तो म्हणाला, "या क्राउचसाहेबांशी लग्न करशील का?"

क्राउचचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

"नाही, बाबा." किझायाने उठून त्याच्या हातातला ओला कागद घेतला आणि दोरीवर वाळत घातला. "आणि डोळ्यांची काळजी करू नका. उलटं कोरायला मलाही येतं. तेही तुम्ही कधी विचारलं नाहीत."