दोनशे चाळीस साखळ्या

शाळेच्या पायरीवर दत्तात्रेयाने सामान मांडून मोजलं. सहासष्ट फुटी साखळी एक, शंभर कड्यांची. लोखंडी सुया दहा. होकायंत्र एक. पेन्सिली तीन, त्यातली एक मोडकी. घोंगड्या दोन, भाकऱ्या सहा, सुका जवळा पुरचुंडीभर. उष्णतामापकात पारा चोपन्न अंश फॅरनहाइटवर. पायाला फोड चार, पैकी दोन फुटलेले.

"फोडबी लिवून घेता का सायेब?" गुणाजीने विचारलं.

"लिहीत नाही. मोजतो."

"मंग पाचवा टाचंवर हाय. तो ऱ्हायला."

दत्तात्रेय हसला नाही. चार दिवस झाले होते. सत्तावन्न सालचा डिसेंबर, पालीमागचे डोंगर, पाठीवर ओझं, आणि साखळीचं पुढचं टोक धरायला हा पन्नाशीचा माणूस, माचीवाडीचा. चार वाड्या मोजायच्या होत्या. नियम साधा होता: जवळच्या शाळेपासून वाडी तीन मैलांहून लांब असली, तरच तिला स्वतःची शाळा. तीन मैल म्हणजे दोनशे चाळीस साखळ्या. मोजायचं ते त्या दिवशी चालती असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने. आणि हा नियम गावात कुणाला सांगायचा नाही. सांगितला की वाटा लांबतात, असं कचेरीत बजावून सांगितलं होतं. गुणाजीला एवढंच ठाऊक होतं, की मोजणी शाळेसाठी आहे.

पहिल्या तिन्ही वाड्या कमी भरल्या होत्या. एक तर अवघ्या सहा साखळ्यांनी. तिथल्या बायांनी निघताना त्याच्या पिशवीत घेवड्याच्या शेंगा कोंबल्या होत्या, आणि त्याला त्यांच्याकडे बघवलं नव्हतं.

राहिली माचीवाडी. पोरं एक्केचाळीस, शाळेत जाणारं एकही नाही. नकाशावरून अंतर साडेतीन मैल निघत होतं. इथे तरी 'मंजूर' लिहायला मिळणार होतं. पण ते खरं मोजून.

साखळी ताणली. गुणाजी पुढे जाऊन सुई रोवायचा, दत्तात्रेय मागून ती उचलायचा. दहा सुया झाल्या की वहीत एक रेघ.

"ताणा की! झोळ पडलाय."

"ताणली हाय."

"पोट पडलंय तिला!"

"सकाळपास्नं तिनंच कायतरी खाल्लंय म्हनायचं. आपुन उपाशीच."

चाळीस साखळ्यांवर वाट फुटली. डावीकडची रुंद होती, पायांनी गुळगुळीत झालेली. तिच्या तोंडावर बोराटीच्या काट्यांचा ढीग रचला होता. गुणाजी उजवीकडे रानात वळला.

"थांबा. ती वाट का बंद केली?"

"ती नगं सायेब. ही चांगली."

"कुणी बंद केली?"

"आमीच." आणि तो हसला.

ते हसू दत्तात्रेयाला बोचलं. परवा पालीच्या बाजारात गुणाजीला वाडीचा एक जण भेटला होता, आणि दोघे बराच वेळ कुजबुजत उभे होते. म्हणजे नियम कुठून तरी फुटला होता. जवळची वाट काट्यांनी झाकायची आणि साहेबाला रानातून फिरवून आणायचं. तीन वाड्यांमधल्या भाबड्या माणसांना ते सुचलं नव्हतं.

"गुणाजी, मला सगळ्यात जवळची वाट हवी. लबाडी चालणार नाही. एका साखळीचीसुद्धा नाही."

"हीच जवळची."

"शपथ घ्या."

गुणाजीचं हसू मावळलं. "बल्लाळेश्वराची आन. पोरांची आन. आता चला."

गुणाजी साखळी ओढत पुढे निघाला. वाट कारवीच्या झुडपांतून सरळ चढत होती. कापलेले बुडखे अजून ओले होते. ओढ्यावर दोन ओंडके टाकलेले, साल न सोललेले. लाकूडतोडे आले असावेत, दत्तात्रेयाने मनाशी नोंद केली. फोड ठणकत होते. दर दहा साखळ्यांना तो होकायंत्र बघायचा. वाटेची दिशा ईशान्येवरून ढळत नव्हती. फिरवून नेणारी वाट वळसा घेते, ही घेत नव्हती. ते त्याला कळेना, आणि कळेना म्हणून राग वाढत गेला. साखळी कारवीत अडकली की तो ती हिसडून काढायचा.

विसाव्या रेघेनंतर त्याने मनातल्या मनात आकडे म्हणणं सोडून दिलं. नुसत्या सुया उचलत राहिला. नकाशाप्रमाणे अजून डोंगराच्या मोठ्या सोंडेला वळसा घालायचा होता. तेवढ्यात कारवी संपली आणि समोर शेणाने सारवलेलं अंगण आलं. सगळी वाडी उभी होती. पोरं अंघोळ घालून, केसांना तेल लावून रांगेत बसवलेली. पहिल्या घराच्या उंबऱ्याला गुणाजीने साखळी टेकवली.

त्याची थोरली बहीण ठमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली. तिच्या दोन्ही तळहातांना चिंध्या बांधल्या होत्या.

"कशी वाटली वाट, भाऊ?"

"चांगली आहे," दत्तात्रेय म्हणाला. "पोरं याच वाटेने उतरतात ना खाली?"

"ह्या? आवो, ही काल दिस मावळताना पुरी झाली! तुमी पयल्या दिवशी गुनाजीला बोल्लात न्हवं, असल्या वाटंनं कोन मास्तर येनार वर? त्यानं बाजारातनं सांगावा धाडला. बाया, बापे, पोरंसोरं, सगळी कोयते घेऊन दोन दिस रानात व्हतो. जुनी वाट समदी सोंड फिरून येती, तिच्यावर काटं टाकलं, चुकून पाय वळायला नगं. आता मास्तर येईल की न्हाय बिगीबिगी चढून?"

दत्तात्रेयाने तांब्या खाली ठेवला. हातातल्या सुया मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग वहीतल्या रेघा मोजल्या, शेवटच्या कड्या बोटाने मोजल्या आणि शाबूत पेन्सिलीने लिहिलं: माचीवाडी, दोनशे चौतीस साखळ्या, चाळीस कड्या.